मागच्या बाकावरची आजी

मलाक्कातल्या माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या एका आजीबाईंनी हात वर केला. "टीचर, तुमच्या गावच्या भाषेत प्रभूची प्रार्थना कशी म्हणतात? आम्हाला ऐकायचीय." चौदा मुलांनी आधी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं, पण पहिला शब्दच सापडेना. त्या भाषेत मी बाजारात भाव करते, नवऱ्याशी भांडते, पावसाची वाट बघते. देवाशी मात्र त्या भाषेत कधी बोललेच नव्हते.

आणि रायगडच्या किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून मी तिथे गेले होते ती प्रार्थना शिकवायलाच.

माझं गाव कोर्लई. रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरूडच्या वाटेला लागलं की कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड दिसते. तिच्यावर आमचा किल्ला. पोर्तुगीजांनी 1521 साली चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, कोट बांधायला घेतला. 1594 मध्ये निजामशाहीकडून हा डोंगर जिंकला. 1740 मध्ये ही ठाणी मराठ्यांच्या हाती आली. पोर्तुगीज अंमलदार निघून गेले, पण शेतात राबणारी, कोटात चाकरी करणारी ख्रिस्ती माणसं इथेच राहिली. आम्ही त्यांचे वंशज. जाताना पोर्तुगीज आपली भाषा आमच्या घरात विसरून गेले आणि आम्ही ती आमची करून घेतली. शब्द बरेचसे त्यांचे, पण वाक्याची बांधणी मराठीची. क्रियापद आम्ही मराठीसारखं शेवटी आणतो. तिला आम्ही 'नो लिंग' म्हणतो, म्हणजे आमची भाषा. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. बोलणारे आम्ही मात्र हजाराच्या आसपासच.

घरात नो लिंग, शाळेत मराठी, देवळात मराठी, अशी माझी पिढी वाढली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, लोकांच्या भाषेत आली आणि आमच्याकडे ती मराठीत आली. ते चांगलंच झालं. मला देव मराठीत भेटला आणि त्याचं मला कधी उणं वाटलं नाही. पुढे मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले, रविवारी मिस्सेनंतर धर्मशिक्षणाचे वर्ग घेऊ लागले. मुलगी झाली तेव्हा नवऱ्याला म्हटलं, "हिच्याशी मराठीच बोलायचं. शाळेत मागे पडायला नको." सासूबाई ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत. त्यांनीही नातीशी मोडकं मराठी बोलायला सुरुवात केली.

मलेशियातल्या मलाक्काचं बोलावणं एका ओळखीच्या सिस्टरांमार्फत आलं. तिथल्या पोर्तुगीज वस्तीतल्या मुलांची प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराची तयारी करून घ्यायची आणि चार-पाच तरुणांना शिकवण्याची पद्धत दाखवायची. मुदत पाच आठवडे. मे महिन्याच्या सुट्टीत बसण्यासारखं काम होतं. तरी माझं मन होईना. मुलगी आठ वर्षांची, सासूबाई ऐंशीला टेकलेल्या. शेजारची एक बाई अंगणात उभी राहून म्हणाली, "आपल्या पोरीला टाकून दुसऱ्यांच्या पोरांना देव शिकवायला जातेस?" नवरा म्हणाला, "जा. पावसाच्या आत ये म्हणजे झालं." निघताना सासूबाईंनी माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला, पिशवीत आमसुलं घातली. मुलगी मांडव्यापर्यंत सोडायला आली. रो-रो बोट सुटली तेव्हा ती धक्क्यावर हात न हलवता नुसती उभी होती. पुढचे पाच आठवडे तेच चित्र माझ्या डोळ्यांसमोर राहिलं.

मलाक्कातली ती वस्ती समुद्राला लागून आहे. तीसच्या दशकात दोन मिशनरी धर्मगुरूंच्या खटपटीने, दलदलीच्या सुमारे 28 एकर जागेवर, विखुरलेली गरीब ख्रिस्ती कुटुंबं तिथे एकत्र वसवली गेली. आल्बुकर्क, सिकेरा, तेशेरा अशी गल्ल्यांची नावं. पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने 1511 मध्ये मलाक्का घेतलं, 1641 मध्ये ते डचांनी घेतलं, आणि तिथेही भाषा घरात राहून गेली. ते तिला क्रिस्तांग म्हणतात.

पहिल्याच सकाळी एका घराच्या ओट्यावर गुलाबी-करडं काहीतरी वाळत घातलेलं दिसलं आणि वासावरून मी ओळखलं. जवळा! ते त्याला ग्रागाऊ म्हणतात. पूर्वी पुरुष रात्री छातीभर पाण्यात उतरून दोन बांबूंना बांधलेलं जाळं ढकलत ढकलत तो धरायचे. मीठ आणि भात घालून तो मुरवतात, त्याचं चिंचालोक होतं. आता समुद्रात भराव पडलाय, पाणी लांब गेलंय, जाळ्याला पूर्वीसारखं काही लागत नाही. हे सांगणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा मी आमच्या किनाऱ्यावरही पाहिलेला आहे.

मलय भाषेने तर मला रोज चकित केलं. मेजाला मेजा, कपाटाला अलमारी, अननसाला नानास, पाद्रीला पादेरी. एकाच गलबतातून उतरलेले शब्द, काही चौलच्या धक्क्यावर, काही मलाक्काच्या. आम्ही भाषेला 'लिंग' म्हणतो, ते 'लिंगु' म्हणतात. आम्ही कोर्लईकर शब्दाचा शेवटचा स्वर गिळून टाकतो, त्यांनी तो जपून ठेवलाय.

वर्ग संध्याकाळी भरायचा. तिथल्या कायद्याप्रमाणे मुसलमानांमध्ये दुसऱ्या धर्माचा प्रचार करता येत नाही, आणि आमचं काम तसं नव्हतंच. ख्रिस्ती घरातली मुलं, त्यांचेच आईबाप, त्यांचंच देऊळ. शिकवायचं इंग्रजीतून, कारण मुलं शाळेत मलय आणि घरात इंग्रजी बोलत होती. प्रार्थना त्यांना पाठ होती, पण मुलं ती पाढ्यांसारखी धडाधडा म्हणून संपवायची. आठवडाभर मी चित्रं काढली, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. फरक पडेना. मग एके दिवशी म्हटलं, "घरी जाऊन आजीला विचारा, ती लहान असताना ही प्रार्थना कशी म्हणायची. उद्या येऊन मला सांगा."

दुसऱ्या दिवशी मुलं आलीच, पण त्यांच्याबरोबर तीन आज्याही आल्या. मागच्या बाकावर बसल्या. एकेकीने आपापल्या नातवंडाचा हात धरून क्रिस्तांगमध्ये प्रार्थना म्हटली, सावकाश, डोळे मिटून. नेहमी खिडकीबाहेर बघणारा एक मुलगा आजीच्या ओठांकडे एकटक बघत होता. आपली आजी देवाशी बोलते हे त्याला ठाऊक होतं, पण तिचे शब्द त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच नीट ऐकले असावेत. त्यानंतर आजीबाईंनी मला तो प्रश्न विचारला आणि मी गप्प झाले. शेवटी मराठीत म्हटली. त्यांनी आदराने ऐकून घेतली. मग हळूच म्हणाल्या, "सुंदर आहे. पण ही शाळेची वाटते. घरची कुठली?"

त्या रविवारी मी सेंट पॉलच्या टेकडीवर गेले. वर छप्पर नसलेलं जुनं देऊळ आहे. तिथली पहिली देवळी 1521 सालची, म्हणजे चौलचा कोट सुरू झाला त्याच वर्षाची. आत जाळीने झाकलेली एक रिकामी कबर आहे. संत फ्रान्सिस झेविअर यांचं शरीर 1553 मध्ये नऊ महिने इथे होतं, मग ते गोव्याला नेलं. जिवंतपणी ते इथे 1545 मध्ये आले होते. हातात घंटा घेऊन मुलांना गोळा करायचे. मलय त्यांना येत नव्हती, म्हणून माणसं जमवून त्यांनी प्रार्थना मलयमध्ये करून घेतल्या. मुलांना सांगायचे, इथे शिकलेलं घरी जाऊन आईबापांना शिकवा.

मला आमच्या कोकणातलेच संत गोन्सालो गार्सियाही आठवले. जन्म वसईचा. कोवळ्या वयात जेज्विटांबरोबर जपानला गेले, जपानी इतकी चांगली शिकले की धर्मशिक्षणात गुरुजनांना त्यांचा आधार वाटे. पुढे फ्रान्सिस्कन झाले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रूसावर त्यांनी प्राण दिला. ते वसईला परतले नाहीत. झेविअरही आपल्या गावी परतले नाहीत. त्यांच्या त्यागापुढे माझे पाच आठवडे म्हणजे काहीच नाही. पण त्या कबरीपाशी उभी असताना मला मनापासून वाटलं, मला परतायचं आहे. माझ्या वाट्याला आलेलं काम परतल्याशिवाय पुरं होणार नाही.

घरचा फोन रोज व्हायचा. मलाक्कात वर्ग साडेआठला सुटायचा, तेव्हा कोर्लईत सहा वाजलेले असायचे. तिसऱ्या आठवड्यात मुलगी फोनवर येईनाशी झाली. "खेळतेय," नवरा म्हणायचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून निघून गेलं, तिला ताप होता. सासूबाईंनीच सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. "तिकडे तुझं लक्ष लागणार नाही," त्या फोनवर म्हणाल्या. "मी आहे ना. माझ्याजवळच झोपते." त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेजारणीचं बोलणं कानात वाजत राहिलं. सकाळी उठून वर्गाची चित्रं रंगवत बसले, कारण दुसरं करण्यासारखं हातात काही नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात मुलांना पाप आणि क्षमा समजावताना मी एकही गोष्ट सांगितली नाही, आज्यांनाच सांगू दिल्या. तरुणांनाही हेच शिकवलं. आधी घरात विचारा, मग फळ्यावर लिहा. सगळ्यांनी आग्रह केला, 29 जूनला सान पेद्रोचा सण आहे, होड्या सजतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, तेवढा बघून जा. मलाही बघायचा होता. पण जूनचा दुसरा आठवडा उजाडत होता आणि मी नवऱ्याला शब्द दिला होता. निरोपाला आजीबाईंनी सूजीचा केक दिला. आपल्या रव्याला तिथेही सूजीच म्हणतात. म्हणाल्या, "माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय."

परतले तेव्हा पावसाळी वाऱ्याने मांडव्याच्या लाँच बंद झाल्या होत्या, म्हणून वडखळ-अलिबाग रस्त्याने आले. घरी पोचायला संध्याकाळ झाली. वीज गेलेली. दारात चपला काढताना आतून आवाज आला आणि मी पायरीवरच थांबले. सासूबाईंचा खर्जातला आवाज, आणि त्याच्यावर माझ्या मुलीचा. जुन्या पोर्तुगीज वळणाची, कोर्लईच्या जिभेवर झिजून गुळगुळीत झालेली प्रभूची प्रार्थना. सासूबाई लहानपणी शिकल्या तेव्हा मिस्सा मराठीत आलेली नव्हती. साठ वर्षं त्या ती एकट्याच पुटपुटत आल्या होत्या.

रात्री मुलगी कुशीत शिरली. ताप असताना झोप येईना, तेव्हा तिने आजीला विचारलं होतं, तू रोज काय पुटपुटतेस? आजीने सांगितलं. मग पुढे रोज ती मागत गेली, आजी देत गेली. "आजी मराठीत बोलते तेव्हा अडखळते ना," ती म्हणाली, "आता अडखळत नाही." आठ वर्षं माझ्या घरात एक म्हातारी माझ्यामुळे अडखळत बोलत होती आणि मी शिक्षिका असून ते मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंपाशी गेले. "माझं चुकलं," म्हटलं, नो लिंगमध्येच. त्यांनी तांदूळ निवडणं थांबवलं नाही. "शाळा पण पाहिजे," म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "हे पण पाहिजे."

त्या आठवड्यात मी दोघींचा आवाज फोनवर टिपला आणि मलाक्काला पाठवला. निरोप आला तो त्या खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाकडून. आजीने तीनदा लावायला सांगितलं, तिसऱ्यांदा ती बरोबरीने म्हणाली, पण तुम्ही शब्द लवकर संपवता म्हणून ती मागे राहिली.

16 जुलैला आमच्या माउंट कार्मेल मातेचा सण झाला. त्यानंतरच्या रविवारपासून माझ्या वर्गात मागचा बाक आज्यांसाठी राखलेला आहे. मिस्सा मराठीत होते, धडा मराठीत होतो, आणि मग एखादी आजी उठून उभी राहते.

घरी आता संध्याकाळी आम्ही तिघी बसतो. सासूबाई सुरुवात करतात, मुलगी त्यांच्या आवाजात आवाज मिसळते. मला अजून सगळी पाठ नाही. मी त्या दोघींच्या मागून, एकेक शब्द उशिराने म्हणते.