केळं झाडाचं नाही म्हणे!

खजुरासाठी एक प्रार्थना आणि केळ्यासाठी दुसरीच! अलिबागजवळच्या एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात मलिदा हा विधी होता. परातीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि भोवती फळांची आरास. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याची आळवणी झाली, मग एकेक फळ उचलून हिब्रूत दोन-चार शब्द. खजूर हाती आला तेव्हा झाडाला फळ देणाऱ्या देवाची स्तुती, केळ्याच्या वेळी मात्र भूमीतून पीक काढणाऱ्या देवाची. शेजारच्या काकूंना मी हळूच विचारलं, "असं का?" त्या म्हणाल्या, "अरे, केळ एकदाच विते. खोड राहतं का पुढच्या वर्षी? मग झाड कसलं ते!"

मी चाटच पडलो. म्हणजे प्रार्थना म्हणायची तर समोरचा घास कशावर, कसा पिकला हे आधी ठाऊक हवं! अननसही भूमीचाच. पपईवरून तर धर्मपंडितांचे जुने वाद आहेत. बुंधा झाडासारखा खरा, पण आतून पोकळ. मग ती कुठल्या रांगेत? फळांपुरतंच हे थांबत नाही. सुवास घेताना, गडगडाट ऐकताना, इंद्रधनुष्य दिसताना, समुद्र बघताना, प्रत्येकाची वेगळी ब्राखा, म्हणजे अशीच छोटी प्रार्थना, आहे. दिवसाला शंभर ब्राखा व्हाव्यात असा संकेत. घरी आल्यावर जो वाचायला बसलो तो उठलोच नाही.

तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, ब्राखोत या भागात एक पेच आहे, तो तर मी भेटेल त्याला ऐकवत सुटलोय. एक स्तोत्र म्हणतं, पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं देवाचं. दुसरं म्हणतं, आकाश देवाचं, पृथ्वी मात्र त्याने माणसांना दिली. आता खरं काय मानायचं? पंडितांचं उत्तर असं: पहिलं वचन ब्राखा म्हणण्याआधीचं, दुसरं म्हटल्यानंतरचं! न विचारता खाल्लंत तर देवाच्या मालमत्तेवर हात मारलात. विचारून खाल्लंत तर तुमचं. सात-बारावर नाव कुणाचंही असो, मूळ मालकाला विचारल्याशिवाय चिकूसुद्धा तोंडात टाकायचा नाही. इतकी साधी आणि इतकी करडी गोष्ट मला आजवर कुणी कशी सांगितली नाही?

आणि विचारून घेतलेल्या वस्तूची नासाडी कशी चालेल? युद्धात शहराला वेढा घातला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवायची नाही, असं तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या, पाचव्या ग्रंथात बजावलंय. ऐन लढाईत, बरं का! मायमोनिदिस या धर्मपंडिताने बाराव्या शतकात तोच धागा घरात आणला: भांडी फोडणं, कपडे फाडणं, झरा बुजवणं, अन्न नासणं, सगळं निषिद्ध. तालमूद तर दिव्यापर्यंत पोचतो. दिव्याची मांडणी अशी केली की तेल गरजेपेक्षा भरभर जळावं, तर तोही दोष. हे वाचताना मला कोकणातले शनवार तेली आठवले. हेच बेने इस्रायल. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून पडलेलं नाव. तालमूद त्यांच्या हाती फार उशिरा आला. पण तेलाच्या थेंबाचं मोल घाणेवाल्याला पोथीने शिकवावं लागत नाही.

पावसाची गोष्ट मला सगळ्यांत आवडली. सुक्कोथच्या सणाला लोक यरुशलेमला यात्रेला यायचे. सण संपला की पेरणीसाठी पाऊस हवाच. पण त्याची मागणी मात्र पंधरा दिवस पुढे ढकलायची! कारण सगळ्यांत लांबचा यात्रेकरू फरात नदीपर्यंत पोचायचा असतो, त्याला वाटेत भिजवायचं नाही. देवाकडे मागताना दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे लक्षात ठेवणारी ही माणसं! इस्रायलबाहेर हीच मागणी 4 किंवा 5 डिसेंबरच्या संध्याकाळपासून सुरू होते. हिशेब जुन्या बाबिलोनचा, म्हणजे आजच्या इराकचा. त्या दिवसांत अलिबागला खरोखर धो धो पाऊस पडला तर आंब्याच्या मोहोराचं काय होईल हे बागायतदाराला विचारा! हा पाऊस आपल्या अंगणात पडावा म्हणून मागितलेला नाहीच मुळी, हे लक्षात आल्यावर मी खुशीत टाळीच वाजवली.

ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी तर झाडांचं नवं वर्ष! कोकणातले बेने इस्रायल त्या सुमाराला अलिबागजवळच्या खंडाळ्याला जमतात. एलियाहूचा रथ तिथूनच स्वर्गात गेला, खडकावरच्या खुणा त्याच्याच, अशी श्रद्धा आहे.

राहिलं सातवं वर्ष, श्मिता. इस्रायलच्या भूमीत त्या वर्षी पेरणी नाही, छाटणी नाही. आपसूक उगवेल ते गरिबांचं, परक्यांचं, जनावरांचंही. मागचं श्मिता वर्ष सप्टेंबर 2021 ते सप्टेंबर 2022. पळवाटाही आहेत: 1889 पासून जमीन नावापुरती ज्यूंखेरीज इतरांना विकून शेती चालू ठेवता येते, आणि त्यावर आजही खडाजंगी होते. मला ती खडाजंगीसुद्धा आवडते. वाद आहे म्हणजे नियम अजून कुणाला तरी टोचतोय. पुढचं श्मिता सप्टेंबर 2028 मध्ये सुरू होतंय. तिकडे कुणी ओळखीचं असेल तर सांगा, बंद नांगराचं शेत बघायला मी पैसे साठवायला लागलोय.