मागच्या तारखेचा कॉम्प्युटर

विंडोजमध्ये ‘सिस्टम रिस्टोअर’ आलं ते 2000 साली, ‘विंडोज मी’बरोबर. ती आवृत्ती सारखी कोसळण्यासाठीच बदनाम झाली, पण तिच्यातली ही सोय टिकली आणि आजच्या विंडोज 11पर्यंत आली. कल्पना साधी आहे. कॉम्प्युटर धड चालत असताना त्याच्या स्थितीची नोंद ठेवायची आणि बिघडला की त्याला त्या तारखेवर परत न्यायचं. या नोंदीला रिस्टोअर पॉइंट म्हणतात. माझी तक्रार आहे ती फक्त नावाबद्दल. ‘रिस्टोअर’ म्हटलं की माणसाला वाटतं, सगळं परत येणार.

आमच्या रावेरात घरचा कॉम्प्युटर एकट्याचा क्वचितच असतो. शिकलेली मुलं लॅपटॉप घेऊन पुण्याला जातात, टेबलावरचा जुना डबा घरीच राहतो. त्यावर सातबारा काढला जातो, लग्नांचे फोटो साठतात, नातवंडं गेम टाकतात आणि केळीचा हिशेबही त्यातच असतो. तो बिघडला की फोन पुण्याला. इंजिनिअर झाल्यापासून मला असे फोन नेमाने येतात. खरं सांगायचं तर ऑफिसातल्या मीटिंगांपेक्षा ते बरे वाटतात.

शेजारच्या आप्पांचा फोन आला तो जूनमधल्या वादळी पावसाच्या दिवसांत. तेव्हा एका संध्याकाळच्या वाऱ्यात घडांनी लगडलेली बाग आडवी होते, म्हणून जो तो माल कापायच्या घाईत असतो. गाड्या भरून जातात, पैसे मागाहून. बोर्डाचा भाव किती होता, व्यापाऱ्याने किती लावला, किती क्विंटल गेलं, किती येणं बाकी आहे, हे सगळं आप्पांच्या एकाच एक्सेल फाइलमध्ये होतं. आधी प्रिंटर रुसला. कोणीतरी नवा ड्रायव्हर टाकून दिला आणि तेव्हापासून कॉम्प्युटर मिनिटामिनिटाला अडकू लागला. नातवाने गेमसाठी जागा करायला म्हणून फोल्डर पुसले, रिसायकल बिनही रिकामं केलं. त्यात हिशेबाचा फोल्डर गेला.

“तू मागे तो पॉइंट करून दिला होता ना रे? मग ने त्याला मे महिन्यात. हिशेब येईल ना?”

“आप्पा, प्रिंटर येईल. हिशेबाचं बघावं लागेल.”

रिस्टोअर पॉइंट परत आणतो विंडोजच्या स्वतःच्या फाइली, रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि प्रोग्राम. तुमचे फोटो, बिलं, पत्रं यांना तो हात लावत नाही, आणि हे मुद्दाम तसं ठेवलंय. समजा प्रिंटरसाठी मागे गेलात आणि मधल्या महिन्याची बिलंच उडाली तर? पण एक आडवाट आहे. हे पॉइंट ज्या साठ्यात राहतात त्यात ड्राइव्हवरच्या फाइलींच्या त्या वेळच्या प्रतीही असू शकतात. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ बघायचं. आप्पांच्या कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे घेऊन तेच केलं. पान कोरं. हिशेब डी ड्राइव्हवर होता, आणि हे संरक्षण प्रत्येक ड्राइव्हला वेगळं चालू करावं लागतं. डीचं विंडोज आपणहून करत नाही. आपल्याकडे तर ‘महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा’ ही पिढीजात शिकवण! सी बिघडला, फॉरमॅट केला तर डी वाचतो एवढंच तिचं तथ्य. पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रामही चालवला. फाइलचं नाव सापडलं, पण तिच्या जागेवर गेम येऊन बसला होता.

मग निदान कॉम्प्युटर तरी. परत नेण्याआधी ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स’ दाबलं की काय काय जाणार याची यादी दिसते. यादीत तो ड्रायव्हर होता आणि आप्पांनी नंतर टाकलेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरही. ते पुन्हा बसवावं लागणार, हे आधीच सांगितलं. दुसरा प्रश्न विजेचा. हे काम अर्ध्यात तुटलं तर असलेलं विंडोजही हातचं जाऊ शकतं, म्हणून इन्व्हर्टर चार्ज आहे ना ते आधी विचारलं. अर्ध्या तासाने प्रिंटरने कागद ओढला.

“म्हणजे बाग उभी राहिली, घड गेले ते गेले,” आप्पा म्हणाले. हे मला कधी इतकं थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

तुम्हाला करायचं असेल तर स्टार्टच्या शोधात ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ लिहा. बऱ्याच नव्या कॉम्प्युटरवर हे संरक्षण बंदच असतं. सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’मध्ये चालू करा आणि पाचेक टक्के जागा द्या. जागा भरली की जुने पॉइंट आपोआप जातात. विंडोज 11च्या 24एच2 आवृत्तीत तर ते जास्तीत जास्त 60 दिवसच टिकतात, त्यामुळे दिवाळीत केलेला पॉइंट उन्हाळ्यात शोधू नका. विंडोज अपडेटच्या वेळी स्वतःही पॉइंट करतं, पण ड्रायव्हर किंवा अनोळखी प्रोग्राम टाकण्याआधी हाताने एक केलेला बरा. त्याला ‘टेस्ट’ असं नाव देऊ नका, ‘नवा प्रिंटर बसवण्याआधी’ असं लिहा. सहा आठवड्यांनी घाबरलेल्या माणसाला तेच कळतं. आणि हिशेबासाठी वेगळा पेन ड्राइव्ह, कॉम्प्युटरपासून काढून ठेवलेला. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारे व्हायरस बहुधा आधी हे पॉइंटच पुसतात.

आप्पांनी कपाटातून वजनकाट्याच्या पावत्यांची पिशवी काढली. दोन रविवार ते फोनवर आकडे वाचत होते, मी टाइप करत होतो. तारीख, गाडी, क्विंटल, भाव. काही पावत्या पावसात भिजून पुसट झाल्या होत्या, त्या नातवाने मोबाइलवर फोटो मोठा करून वाचल्या. शेवटी दोन गाड्यांच्या पावत्या सापडल्याच नाहीत. व्यापारी म्हणतो, त्यांचे पैसे दिलेत. आप्पा म्हणतात, नाही दिले. ते भांडण अजून चालू आहे.