परातीतला आमचा वाटा

कणीक मळून झाली की आई परातीच्या कडेला चिकटलेलं पीठ तेलाच्या बोटांनी निपटून काढायची. त्याची लिंबाएवढी गोळी व्हायची. ती गोळी पोळीत जायची नाही, ती आमची. चुलत-सख्खी धरून घरात सात मुलं, म्हणून गोळीचे सात वाटे. "घ्या आपापला वाटा आणि उंबऱ्याच्या पलीकडे बसा," एवढं म्हटलं की स्वयंपाकघर पोळ्या होईपर्यंत शांत.

पहिल्यांदा चिमणीच करायची, हे कुणी सांगितलं होतं कोण जाणे, पण सगळ्या घरांतून चिमणीच व्हायची. गोळी तळव्यावर लांबट वळायची, एका टोकाला चिमटीत धरून चोच ओढायची, दुसरं टोक चपटं करून त्यावर खराट्याच्या काडीने रेघा पाडायच्या. डोळ्यांना मोहरीचे दोन दाणे. मग एकमेकांच्या चिमण्या बघायच्या, तुझीची चोच कावळ्यासारखी झालीय म्हणून भांडायचं, आपली मोडायची, पुन्हा वळायची. चार-पाच वेळा हात फिरले की पांढरी कणीक कळकट व्हायची. तरी शेवटी ती चिमणी वैलाजवळच्या निखाऱ्यावर जायचीच. बाहेरून करपलेली, आतून कच्ची, आणि चव मात्र अशी की ताटातली तूप लावलेली पोळी तिच्यापुढे काहीच नाही.

आमचं घर वाईचं, घाटापासून दोन गल्ल्या आत. पण हे वाईचंच होतं असं मुळीच नाही. साताऱ्यात, सांगलीत, नगरला, कोकणात आजोळी, जिथे जिथे परात होती तिथे तिथे मुलांचा वाटा होता. आता खेळण्यांच्या दुकानात रंगीत कणकेचे डबे मिळतात. त्यांचा वास गोडसर असतो. आमच्या कणकेला गव्हाचा वास होता, आणि आईच्या हातांचा.

त्या काळी घरात मुलांसाठी म्हणून वेगळं असं काही आणलं जायचं नाही. जे काम निघेल त्यातला एक चतकोर आम्हाला मिळायचा. पापड असले की लाटी. शेवया असल्या की तुटक्या शेवया. अंगण सारवायला काढलं की कोपऱ्यातलं हातभर अंगण. भांडी घासायला बसलं की मूठभर राख आणि एक पितळी फुलपात्र. वाटाण्याच्या शेंगा सोलायला घेतल्या की टरफलांच्या होड्या. आणि खेळून झालं की तो वाटा पुन्हा घराच्या कामात परत जायचा. डाळी एकमेकींत मिसळून ठेवल्या तर त्या दिवशी मिश्र डाळींचे वडे. माती तुळशीला. साबणाचं पाणी न्हाणीघराच्या फरशीला. घरातलं काहीही फुकट जायचं नाही आणि आमचा खेळही नाही.

उन्हाळ्यात कुरडया घालायच्या आठवड्याची आम्ही वाट बघायचो. गहू तीन दिवस भिजत पडायचे. रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास सुटायचा. नव्या सुना नाक मुरडायच्या आणि आम्हाला तो वास सणासारखा वाटायचा. मग ते गहू वाटून, पिळून, गाळून चीक पातेल्यात रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी पांढराशुभ्र, जड चीक. आणि इथे आमचा वाटा. काकू वाटीभर चीक ताटात ओतून द्यायची.

तो चीक ज्याने हातात धरलाय त्यालाच कळेल. बोट हळूच बुडवलं तर दह्यात गेल्यासारखं आत जातं, जोरात मारलं तर फरशीवर मारल्यासारखं परत येतं. मुठीत दाबून धरला की कडक गोळा, मूठ उघडली की बोटांच्या फटींतून दुधासारखा ओघळून मोकळा. आम्ही तासन्‌तास दाबायचो आणि सोडायचो. असं का होतं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. पिठातले बारीक कण पाण्यात इतके दाटीने बसलेले असतात की हळू गेलं तर ते वाट देतात आणि धक्का दिला की एकमेकांत अडकून बसतात, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. समजल्यावर आनंद झाला, पण हातांना ते आधीच ठाऊक होतं.

चीक शिजायला चुलीवर चढला की खेळ बंद. पातेलं दोघींनी धरायचं, एकीने लाकडी दांडक्याने घोटायचं. ताटातला आमचा चीकही गाळून त्यातच जायचा. शेवटी पळीभर गरम चीक प्रत्येकाच्या वाटीत, कुणाला तेल-मिठाबरोबर, कुणाला दूध-साखरेबरोबर. नंतर गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की कावळे हाकलायला आम्हीच. निम्म्या ओल्या कुरडया कावळ्यांनी नव्हे, राखणदारांनी खाल्ल्या, हे घरातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. त्या चार कुरडया जास्तच घालायच्या.

हळदीचा खेळ आजीचा. वाईची हळद नावाजलेली, त्यामुळे घरात ती भरपूर. आजी ताटलीत चिमूटभर हळद घ्यायची, पाण्याचे चार थेंब टाकून कालवायची आणि आपल्या पानाच्या डब्यातल्या चुन्याचं बोट त्यात फिरवायची. पिवळ्याचं लालभडक व्हायचं. सातही माना ताटलीवर. मग लिंबाची फोड पिळायची की लाल पुन्हा पिवळं. घरचं कुंकू हळदीपासून होतं ते याच गुणाने, हे ती सांगायची. चुन्याला मात्र हात लावायचा नाही, तो फक्त आजीने घ्यायचा. डोळ्यात गेला तर काय होतं ते तिने एकाचं पाहिलं होतं, आणि त्या बाबतीत तिचा आवाज बदलायचा.

अशा दोन-तीन गोष्टींत घर फार कडक होतं. अजून दुडकी चाल असलेल्या मुलाला दाणा द्यायचा नाही, पीठ द्यायचं. हरभरा नाही, चिंचोका नाही, गुंज तर मुळीच नाही. गुंज दिसायला देखणी आणि पोटात गेली तर विषारी. हा नियम घरात पक्का झाला तो माझ्या धाकट्या भावाने नाकात हरभरा घातला त्या दुपारनंतर. हरभरा नाकातच फुगायला लागला. आईचे हातपाय गळाले, आत्या त्याला कडेवर घेऊन अनवाणीच दवाखान्यात पळाली. डॉक्टरांनी चिमट्याने दाणा काढून तिच्या तळहातावर ठेवला. त्या दिवसापासून सुपात निवडायला बसलं की आजी आधी डोकी मोजायची आणि सगळ्यांत लहान असेल त्याला मांडीत घ्यायची.

पाण्याचे खेळ रिठ्यांचे. जरीच्या साड्या आणि दागिने धुवायला रात्री रिठे भिजत घातले की सकाळी ते कोळून फेस काढायचं काम आमचं. घंगाळात दोन्ही हात कोपरापर्यंत घालून घुसळायचं. पांढरा फेस घंगाळाच्या काठावर यायचा आणि खाली उतरायचा. परसात पपई होती. तिच्या पानाचा देठ आतून पोकळ. तो फेसात बुडवून फुंकला की फुगे थेट शेजारच्यांच्या कौलांवर. डोळे चुरचुरायचे, तरी कुणी उठायचं नाही.

मातीचं तर किती सांगावं. आषाढात बेंदूर आला की काळ्या मातीचे बैल करायचे. पहिल्या वर्षी आमचे बैल वाळताना तडकले आणि सकाळी पाय एकीकडे, वशिंड एकीकडे. मग काकूने मातीत कापूस कुटून मिसळायला शिकवलं, उन्हात न ठेवता सावलीत वाळवायला शिकवलं. जोंधळ्याच्या ताटातल्या भेंडाची गाडी, बाभळीच्या काट्यांनी सांधलेली. दिवाळीत किल्ला, त्यावर चार-पाच दिवस आधी टाकलेले हळीव. नदीच्या वाळूत पाय खुपसून, वरून थापटून, हळूच पाय काढून घेऊन केलेला खोपा. हे तुम्हाला सांगायलाच नको. तुमच्या पायालाही ती गार, ओली वाळू आत्ता आठवली असेल.

एका वर्षाचं मात्र सांगायला हवं. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मी दहा वर्षांची होते. नदीचा आधार होता, पण धान्याची चणचण घरोघर. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, येऊ लागला. त्याची भाकरी थापताना कडांना चिरा पडायच्या, घास घशाखाली उतरायचा नाही. गव्हाची कणीक म्हणजे आजारी माणसापुरती. पहिल्या दिवशी आम्ही सवयीने उंबऱ्यापलीकडे हात पुढे करून बसलो. आईने मिलोच्या पिठाचा एवढासा गोळा दिला. त्याची चिमणी होईना. चोच ओढली की तुटायची. गव्हाच्या पिठाला जो चिवटपणा असतो तो त्याला नसतोच. धाकटा रडायला लागला. आई पाठ करून तव्याकडे बघत उभी राहिली.

आजी उठली. परसातली कोरडी ढेकळं तिने फोडली, चाळणीने चाळली, भांडी विसळलेल्या पाण्यात भिजवली, आणि परातीत नव्हे, पाटीवर ठेवून आमच्यापुढे सरकवली. "यंदा वाटा मातीचा," म्हणाली. त्या वर्षीच्या चिमण्या आम्ही खिडकीच्या कोनाड्यात ओळीने मांडल्या. खायच्या नव्हत्या म्हणून त्या पुष्कळ झाल्या, तीस-चाळीस तरी. पुढच्या वर्षी पाऊस झाला, गहू आला, आणि पहिल्या कणकेची गोळी आईने नेहमीपेक्षा मोठी ठेवली. काही बोलली नाही.

आमच्या आत्याने पुढे बालवाडीचं शिक्षण घेतलं. सुट्टीत आली की ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल बोलायची. १९४५ साली बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे १९५७मध्ये कोसबाडला आदिवासी मुलांत नेलं. माँटेसरीबाईंची साधनं सुबक, पण महाग; तिथे ती कुठून आणायची? मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती हीच साधनं. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. आजी हे सगळं लक्ष देऊन ऐकायची. एकदा तिने विचारलं, "म्हणजे शिंपले मोजतात आणि माती मळतात, त्यालाच शाळा म्हणतात?" आत्या हो म्हणाली. आजी बराच वेळ गप्प होती. ती स्वतः शाळेत गेली नव्हती. तिच्या भावांनी पाटीवर बारीक धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवली होती आणि ती दाराआडून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने ताटात तांदळाचं पीठ पसरलं, माझ्या धाकट्या बहिणीचं बोट धरलं आणि आत्याला हाक मारली, "ये गं, हिला 'ग' कसा काढायचा ते दाखव. आणि मलाही."

आजीचा 'ग' त्या पिठात उमटलेला मला अजून दिसतो. त्याचा काना थोडा वाकडा होता. नंतर ते पीठ गोळा करून त्याची धिरडी झाली.

आता माझी नात तीन वर्षांची आहे. पुण्यात सहाव्या मजल्यावर घर, परस नाही, पाट्याचा दगड नाही, पपई तर नाहीच. सून नोकरी करते, दमून येते. पसारा नको वाटतो तिला, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. आमच्या आयांना पसारा उचलायला सात मुलं आणि चार बायका होत्या. मग आम्ही दोघींनी मिळून एक जुनी चादर काढली. ती बाल्कनीत अंथरायची, नातीला जुना झबला घालायचा, आणि जे काही व्हायचं ते चादरीवर. चीक नाही तर कॉर्नफ्लोअर आहे: दोन वाट्या पिठाला साधारण एक वाटी पाणी, ताटात कालवायचं. तेच दाबणं, तेच ओघळणं. पहिल्यांदा तिच्या बोटांतून ते निसटलं तेव्हा ती दचकली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मूठ वळली. साधी चिमूटभर हळद पाण्यात, बिटाच्या सालांचं पाणी, उकडलेल्या पालकाचं हिरवं पाणी, आणि रंगवायला जुनी वर्तमानपत्रं. खेळ संपला की चादर चारी टोकांनी उचलून झटकायची. सूनबाई परवा ऑफिसातून आली आणि बॅग ठेवून थेट चादरीवर बसली. दोन्ही हात मनगटापर्यंत ताटात घातले. कितीतरी वेळ उठली नाही.

कणकेची गोळी मात्र रोज. परात नाही, स्टीलचं बाऊल आहे, तरी कडेला पीठ चिकटतंच. "घे तुझा वाटा," मी म्हणते. नातीने पहिल्यांदा केली ती चिमणी नव्हती, काय होतं ते तिलाच ठाऊक. मी भाजायला म्हणून हात पुढे केला, तर ती देईना. भाजायची नाही, खायची नाही. तिने ती खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली.

सकाळी तिथे मुंग्यांची ओळ लागली होती. सूनबाई फडकं घेऊन आली. नातीने तिचा हात धरून तिला थांबवलं आणि दोघी गुडघ्यांवर बसून बघू लागल्या. एक मुंगी कणकेचा कण घेऊन कट्ट्याच्या कडेपर्यंत गेली, तिथून खाली उतरली, आणि तिच्या मागून दुसरी.