जिंकता न येणारा गेम

दोस्तांनो, व्हिडिओ गेम म्हटलं, की आईबाबांच्या कपाळावर आठ्या पडतात ना? त्यांना १९८० सालच्या दोन गेमबद्दल सांगा.

तेव्हा गेम म्हणजे बहुतेक गोळीबारच! जपानच्या तोरू इवातानींना मात्र मुलींनाही आवडेल असा गेम हवा होता. त्यातून आला ‘पॅक-मॅन’. पिझ्झाचा एक तुकडा काढावा तसा गोलोबा ठिपके मटकावत पळतो. मागे चार भुतं. लाल भूत थेट पाठलाग करतं, गुलाबी तुम्हाला पुढून गाठायला बघतं. प्रत्येकाचा स्वभाव ओळखला, तरच निभाव लागतो, बरं का!

दुसरा, अमेरिकेतल्या अटारी कंपनीचा ‘मिसाइल कमांड’. वरून क्षेपणास्त्रं कोसळतात. आपण सहा शहरं वाचवायची. अमेरिका आणि सोव्हिएत संघ तेव्हा अण्वस्त्रं रोखून होते. कितीही तरबेज असा, शेवटी शहरं जातातच. मग पडद्यावर अक्षरं उमटतात, ‘द एंड’.

मला हाच जास्त आवडतो. अणुयुद्धात कुणीच जिंकत नाही, हे त्याने भाषण न देता सांगितलं.

म्हणून आईबाबा, “किती वेळ खेळलास?” हे जरूर विचारा, पण “काय खेळलास?” हेही विचारा हं!