घरी काय झालंय?

नववी-दहावीतली मुलं जिवावर उदार होतात ती धाक उरला नाही म्हणून, असं माझं वर्षानुवर्षं ठाम मत होतं. शिक्षक या नात्यानं मी ते पालकसभेत बोलूनही दाखवायचो. बिनलायसन्स गाडी, ट्रिपल सीट, खिशातली गुटख्याची पुडी, पोहता येत नसताना धरणात उडी, या सगळ्यावर माझ्याकडे एकच औषध होतं: कडक शिस्त. आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

कोविडनंतर शाळा उघडल्या तेव्हापासून ते बदलत गेलं. २०२१च्या दुसऱ्या लाटेत आमच्या शाळेतल्या काही मुलांचे वडील गेले. त्यातला एक अगदी गरीब स्वभावाचा, वर्गात आहे की नाही कळू नये असा. दहावीत आल्यावर तो वडिलांची स्प्लेंडर हायवेवर काढायचा, मागे दोन मित्र बसवायचा आणि ट्रकला अगदी घासून कट मारायचा. मी बोलावून घेतलं. तो उद्धटपणे बोलेल अशी माझी तयारी होती. तो म्हणाला, "सर, आईला सांगू नका. ती गाडी विकून टाकील."

टाकीवर वडिलांनी बसवलेलं रेक्झिनचं कव्हर होतं. फाटलेली शिवण त्यानं मोच्याकडून शिवून घेतली होती. आई एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची आणि रात्री तिला आणायला हाच जायचा. ट्रकची भीती वाटत नाही का, असं विचारल्यावर म्हणाला, "वाटते की. पण तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही येत नाही."

अपघाताचे फोटो दाखवून अशा मुलाला मी काय शिकवणार होतो? धोका त्याला माझ्याइतकाच कळत होता. मग मी या विषयावरचं वाचू लागलो. रेना आणि फार्ली या अमेरिकन संशोधकांनी २००६मध्ये हेच मांडलं होतं: किशोरवयीन मुलं धोका कमी लेखतात असं नाही, पुष्कळदा जास्तच धरतात. त्याआधी गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात पाहिलं, की सोबत मित्र असले की या वयाची मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करतात. मोठ्या माणसांत तसा फरक दिसला नाही. फेलिटी आणि अँडा यांचा १९९८चा सॅन डिएगोतला अभ्यास तर मी पुन्हा पुन्हा वाचला. लहानपणी मारहाण, आईवरचा अत्याचार, घरातलं व्यसन, कुणाचा तुरुंगवास असे चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्या माणसांत दारू, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असं काहीच न सोसलेल्यांच्या चार ते बारा पट होता.

आघात झालेलं प्रत्येक मूल वाट सोडतं असं मात्र मुळीच नाही. पुष्कळ मुलं सावरतात, आणि कुणी मोठं माणूस त्यांच्या बाजूनं उभं असलं तर लवकर सावरतात.

"मग काय मोकाट सोडायचं का?" असं सहकारी विचारतात. नाही. गिअरच्या गाडीला अठरा वर्षं पूर्ण लागतात, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. त्या मुलाकडून किल्ली काढून घ्यायलाच हवी होती. ती त्याच्या मामानं घेतली, रात्री बहिणीला आणायचं कामही त्यानंच घेतलं, आणि गाडी विकायची नाही हे आईकडून कबूल करून घेतलं. तरी मुलगा एकदा पुन्हा गाडी घेऊन गेलाच. पण त्या वेळी त्यानं येऊन स्वतः सांगितलं. शिस्त आधीही होती, आताही आहे. फक्त शिक्षा ठरवण्याआधी मी घरचं विचारतो.

शिक्षकांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, आईवडील वेगळे झाले, ऊसतोडीला जावं लागलं, तर वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. लाज बाळगू नका. आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मुलांच्या डायरीत लिहून द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.