उरलेले एकोणीस भाग

पहिल्या भागात, सुरुवातीच्याच एका पानावर, दादाने शिसपेन्सिलीने लिहून ठेवलंय : ‘तोशु – बोलर’. थोडं पुढे ‘होशु – विकेटकीपर’. आणि होमरनच्या शेजारी, जरा मोठ्या अक्षरात, ‘सिक्सर, पण पळावं लागतं!’

बेसबॉल आमच्या घरात कुणी कधी पाहिलेला नव्हता. २००६च्या उन्हाळ्यात दादाच्या ऑफिसातले एक जपानी साहेब पुणं सोडून मायदेशी परतले आणि जाताना एक खोकं त्याच्या हवाली करून गेले. आत सव्वीस पुस्तकं होती, सगळ्यांवर एकच नाव : ‘टच’. पानं पिवळी पडलेली, वाचायचं उजवीकडून डावीकडे. आई म्हणाली, “घरात आधीच रद्दी कमी होती!” आम्ही दोघं तेव्हा संध्याकाळच्या जपानीच्या वर्गाला जायचो. पुण्यात जपानी शिकणारी पोरं गल्लोगल्ली सापडतात, त्यातलेच आम्ही. मुलांसाठीच्या मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथांमध्ये, प्रत्येक कांजीशेजारी, म्हणजे चित्रलिपीतल्या अक्षराशेजारी, तिचा उच्चार बारीक अक्षरांत छापलेला असतो. त्यामुळे वाचता सगळं यायचं, कळायचं मात्र निम्मंच. उरलेलं निम्मं दादा शब्दकोशात शोधायचा आणि माझ्यासाठी समासात लिहायचा.

‘टच’ मित्सुरु आदाचीने १९८१ ते १९८६ या काळात ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात चालवली. वरवर पाहिली तर बेसबॉलची गोष्ट. खरी गोष्ट शेजारशेजारच्या दोन घरांची. एका घरात तात्सुया आणि काझुया हे उएसुगी जुळे, दुसऱ्या घरात त्यांच्याच वयाची मिनामी आसाकुरा. मुलांचा धुडगूस घरात नको म्हणून थोरांनी दोन्ही घरांच्या मध्ये त्यांना एक खोली बांधून दिली, आणि तिघं तिथेच लहानाचे मोठे झाले. धाकटा काझुया कष्टाळू, शाळेच्या संघाचा हुकमी पिचर. थोरला तात्सुया आळशी, झोपाळू. भावाच्या वाटेत येऊ नये म्हणून मुद्दाम मागे राहणारा. मिनामीचं लहानपणापासूनचं स्वप्न एकच, कुणीतरी तिला कोशिएनला न्यावं. कोशिएन म्हणजे ह्योगो प्रांतातलं १९२४ साली बांधलेलं मैदान, शाळकरी बेसबॉलची पंढरीच. तिथे हरलेला संघ घरी जाताना मैदानातली माती पिशवीत भरून नेतो. हे दादाने कुठेतरी वाचलं होतं आणि मला चारदा सांगितलं होतं.

मी काझुयाच्या बाजूची होते. आणि सातव्या भागात आदाची काझुयाला मारतो. कोशिएनचं तिकीट ठरवणाऱ्या अंतिम सामन्याच्या सकाळी, मैदानाकडे जाताना, एका लहान मुलाला वाचवायला तो ट्रकसमोर जातो. मी पुस्तक मिटून दादाच्या अंगावर फेकलं होतं. सरळ मार्गाने चालणाऱ्या पोराला मारायचं, आणि पुढे आणखी एकोणीस भाग कशाला लिहायचे? कुणाची गोष्ट राहिली आता?

दादाने पुस्तक उचललं, मुडपलेलं पान सरळ केलं आणि म्हणाला, “अगं, गोष्ट म्हणजे ते उरलेले एकोणीस भागच. आत्ताशी प्रस्तावना संपली.”

मी वाचणं सोडून दिलं. तो पुढे वाचत राहिला.

२००७च्या अनंत चतुर्दशीनंतर दादाला ताप आला आणि नवव्या दिवशी तो गेला. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

त्याआधी ऑगस्टमध्ये आम्ही ‘सांक्यू’ म्हणजे जपानीच्या तिसऱ्या पातळीच्या परीक्षेचे अर्ज एकत्र भरले होते. ३०० कांजी आणि १५०० शब्द. त्याला हे सगळं कधीच येत होतं, पण माझ्यासाठी तो वर्षभर थांबला होता. एकत्र भरल्यामुळे नंबर लागोपाठचे आले. २ डिसेंबरच्या रविवारी माझ्या पुढचं बाक रिकामं होतं. पर्यवेक्षक बाईंनी तिथेही प्रश्नपत्रिका ठेवली, उत्तरपत्रिका ठेवली. प्रत्येक पेपरच्या शेवटी त्या कोऱ्या उत्तरपत्रिका उचलून बाकीच्यांत मिसळायच्या. नियमच असेल तसा. मी दिवसभर त्या बाकाकडे बघत बरोबर उत्तरं लिहिली आणि पास झाले.

घरी आले, खोकं काढलं आणि सातवा भाग उघडला.

काझुयाच्या मरणाचं पान मी पूर्वी रागाच्या भरात उलटलं होतं. नीट पाहिलं ते त्या संध्याकाळी. काझुयाचा अपघात आदाची दाखवतच नाही. मैदानावर संघ ताटकळतो, वेळ पुढे सरकते, आकाश दिसतं. मग इस्पितळातली खोली, आणि मिनामीला भावाचा चेहरा दाखवत तात्सुया जे बोलतो ते जपानमध्ये शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहे. त्या पानावर दादाची पेन्सिल कुठेच नाही. मागच्या-पुढच्या पानांच्या कडा शब्दार्थांनी भरलेल्या, आणि हे पान स्वच्छ. आधी वाटलं, त्याला लिहवलं नसेल. मग लक्षात आलं, तिथे लिहिण्यासारखं काही नव्हतंच. चेहरा, सुंदर, खोटं, मरणं. सगळे आमच्या वर्गात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवलेले शब्द. अख्ख्या पुस्तकातल्या सगळ्यांत अवघड वाक्यात एकही अवघड शब्द नव्हता.

जपानी चित्रकथेत शांततेलाही आवाज असतो. ‘शीऽन’ असं चौकटीत चक्क लिहितात. आदाचीच्या कित्येक चौकटींत तेही नसतं. नुसतं छप्पर, ढग, कुणी नसलेला रस्ता. मिनामी रेल्वेपुलाखाली उभी राहून रडते तेव्हा वरून गाडी धडधडत जाते. तिचं रडणं गाडी गिळून टाकते. आमच्याकडे दहा दिवस माणसं येत होती, बोलत होती. अकराव्या दिवसापासून घर आदाचीने काढल्यासारखं झालं. दादाची चप्पल, दाराची कडी, दुपारचं ऊन.

मग मी ते एकोणीस भाग वाचायला घेतले आणि दादा काय म्हणत होता ते पानापानाने कळत गेलं. बॉक्सिंगच्या क्लबात वेळ काढणारा तात्सुया भावाच्या जागी उभा राहतो. काझुयाचा जिवलग कॅचर कोतारो त्याला आधी उभाच करत नाही. मिनामी शेजारीच आहे, तिचं मन तात्सुयावरच आहे, त्यालाही ठाऊक आहे. तरी तो वर्षानुवर्षं बोलत नाही. जिवंत भावाशी चुरस करता येते, कधी हरता येतं, कधी जिंकताही येतं. गेलेला भाऊ मात्र हरत नाही. तो सोळाव्या वर्षीच्या चेहऱ्याने फोटोत हसत बसतो, आणि मागे राहिलेल्याला रोज त्याच्यासमोरून शाळेत जायचं असतं. जपानीत कामाची सूत्रं पुढच्याच्या हाती देण्याला ‘बातोन तच्ची’ म्हणतात, आणि पुस्तकाच्या नावात बऱ्याच वाचकांना तेच ऐकू येतं. पण हातात आलेला बॅटन किती जड असतो हे आदाची एकोणीस भाग सांगत राहतो, तेही विनोद करत, मधूनच स्वतः चौकटीत डोकावून.

शेवटी तात्सुया मिनामीला सांगतो, एका नदीकाठी, साध्या सरळ वाक्यात. आणि ज्यासाठी सव्वीस भाग वाट पाहिली त्या कोशिएनचा एकही सामना आदाची रंगवत नाही. कोण जिंकलं ते नंतर, जाता जाता कळतं.

आदाचीचा थोरला भाऊ त्सुतोमू हाही मांगाच काढायचा. त्याच्याच पाठोपाठ मित्सुरु या धंद्यात आला. २००४ साली त्सुतोमू गेला. पुढच्याच वर्षी आदाचीने ‘क्रॉस गेम’ सुरू केली. तिच्यात एक लहान मुलगी पहिल्याच भागात जाते, आणि बाकीचे सगळे भाग मागे राहिलेल्यांचे आहेत. ‘टच’ लिहिली तेव्हा त्याचा भाऊ हयात होता. तेव्हा त्याला हे कुठून ठाऊक होतं, याचं मला आजही नवल वाटतं.

दादाच्या खुणा एकोणिसाव्या भागाच्या मध्यावर संपतात. तिथे एक बसचं तिकीट आहे, ते मी हलवलेलं नाही. पुढचे साडेसात भाग शब्दकोश मांडीवर घेऊन माझे मीच वाचले, वर्ष लागलं. दादाची पेन्सिल संपल्यावर पहिल्यांदा ‘तोशु’ आला तेव्हा मी थांबले. शब्द केव्हाचा पाठ होता. तरी पेन्सिल घेतली आणि शेजारी लिहिलं : ‘बोलर’.