तारीख नसलेली वाट

रात्री घरचा माणूस वेळेवर परतला नाही की आई दाराशी येरझाऱ्या घालू लागते. जेवण झाकून ठेवलेले असते, घड्याळाचा काटा हलत नाही. तेवढ्यात "शेवटच्या गाडीने येतो" असा निरोप येतो आणि तीच आई निवांतपणे मागचे आवरायला घेते. उशीर तेवढाच, पण आता वाट पाहण्याला शेवट मिळालेला असतो.

हा निरोप वर्षानुवर्षे आलाच नाही तर?

प्रशांत महासागरातील नौरू हे बेट अवघे २१ चौरस किलोमीटरचे. इराण, श्रीलंका, सोमालिया, म्यानमार अशा देशांतून जीव मुठीत धरून, होडीने ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्यांना तिथे नेऊन ठेवण्यात आले. त्यांत लहान मुलांचे आईबापही होते. जुलै २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाने जाहीर केले की, यापुढे होडीने येणारा खरा निर्वासित ठरला तरी त्याला या देशात कायमचे राहता येणार नाही. मग जायचे कुठे आणि केव्हा? बहुतेकांना कित्येक वर्षे याचे उत्तर मिळाले नाही.

तुरुंगातला कैदी भिंतीवर रेघ ओढतो, तेव्हा सुटका एका दिवसाने जवळ येते. आश्रय मागणाऱ्यांनी मात्र गुन्हा केलेला नव्हता. गुन्हा नाही म्हणून शिक्षा नाही आणि शिक्षा नाही म्हणून मुदतही नाही! ऑक्टोबर २०१५ मध्ये छावणीची फाटके दिवसरात्र उघडी ठेवण्यात आली, पण फाटकापलीकडे चहूबाजूंनी समुद्रच होता.

नोव्हेंबर २०१७ मध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेचे मनोविकारतज्ज्ञ बेटावर आले. त्यांनी तपासलेल्या २०८ निर्वासितांपैकी १२४ जणांच्या मनात आत्महत्येचे विचार घोळत होते आणि ६३ जणांनी तसा प्रयत्नही केला होता. हेच डॉक्टर नौरूच्या मूळ रहिवाशांवरही उपचार करीत. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्ण सुधारले. निर्वासितांपैकी मात्र सुमारे ११ टक्केच. डॉक्टर तेच, बेटही तेच. फरक होता तो उद्याच्या आशेचा, आणि ती काही औषधाच्या बाटलीत मिळत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये नौरू सरकारने या डॉक्टरांनाच बेट सोडायला सांगितले.

सर्वांत हृदयद्रावक अवस्था मुलांची होती. काही मुले आधी खेळायची थांबली, मग बोलायची, मग जेवायची. शेवटी ती डोळे मिटून पडून राहू लागली; घोटभर पाणीही घेईनात. स्वीडनमध्ये आश्रयाच्या निकालाची वाट पाहणाऱ्या कुटुंबांतील शेकडो मुलांमध्ये डॉक्टरांनी हा आजार पूर्वीच पाहिला होता. कुटुंबाला राहण्याचा परवाना मिळाल्यावर अशी मुले हळूहळू, कित्येक महिन्यांनी, उठून बसत. "आपण इथून कधी जाणार?" या प्रश्नाला ज्या आईकडे उत्तर नाही, ती मुलाला उभारी देणार तरी कशी?

लोकांनी आवाज उठवला, काही मुलांसाठी न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये शेवटची निर्वासित मुले नौरूहून हलली.

मुदतीचा हा प्रश्न आपल्या देशातही उभा राहिला. आसामात परदेशी ठरवून स्थानबद्ध केलेल्यांपैकी ज्यांना तीन वर्षांहून अधिक काळ लोटला, त्यांना जामीनदार व इतर अटींवर सोडता येईल, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये दिला. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, ही मुदत दोन वर्षांवर आणली गेली. काळ मोठाच, पण निदान मोजता येण्याजोगा.

कोणाला आपल्या देशात ठेवावे, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सरकारला आहे. निर्णय होकाराचा असो वा नकाराचा, माणूस तो कसाबसा पचवतो. पण "कधी?" या साध्या प्रश्नाला उत्तरच न देणे, हे धडधाकट माणसालाही आतून पोखरते. दाराशी उभ्या असलेल्या आईलाही फक्त एक वेळ कळायला हवी असते. ती कळली की तिला रात्र काढता येते.